पाठमोरी चित्रं

प्रदर्शन मांडायच्या आदल्या संध्याकाळी दालनात चित्रं भिंतीकडं तोंड करून उभी असतात. काचेवर काच घासू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात लागू नये म्हणून. त्यामुळं आत शिरलं की आधी दिसतात त्या चित्रांच्या पाठी. मला त्या बघायला आवडतं. पुढून चित्र नटूनथटून बसलेलं असतं. मागं हार्डबोर्ड, कडेनं चिकटवलेली खाकी टेप, गंजलेले बारीक खिळे, दोन हुकांमध्ये ओढलेली तार, एखाद्या कोळ्यानं सोडून दिलेलं जाळं, आणि लेबलं.

दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात त्या संध्याकाळी मास्तरांची चित्रं अशीच पाठमोरी उभी होती आणि मी आणि फ्रेमवाला फरशीवर बसून लेबलं वाचत होतो. एका चित्राच्या पाठीवर चार लेबलं होती. सगळ्यात खालचं टाइप केलेलं, कडा पिवळ्या पडलेलं: गुऱ्हाळ, जलरंग, किंमत ८०० रुपये. त्याला निम्मं झाकणारं दुसरं: किंमत १५००, ती शाईनं खोडून १२००. तिसरं राज्य कला प्रदर्शनाचं, त्याचा कोपरा उंदरानं की कसरीनं खाल्लेला. चौथं मास्तरांच्या स्वतःच्या अक्षरात, शाळेच्या फळ्यावर काढायचे तशा ठळक वळणाचं: विक्रीसाठी नाही.

“कोण घेईना म्हटल्यावर यांनी द्यायचंच बंद केलं,” फ्रेमवाला म्हणाला आणि तोंडातल्या तोंडात हसला. त्या चित्राची फ्रेम त्यानंच तीनदा बदलली होती. पैसे बहुधा एकदाच मिळाले असावेत.

मास्तर जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलेली त्यांची पोरं आज कुठं कुठं आहेत. कुणी पुण्यात जाहिरातीत, कुणी गुजरीत दागिन्यांची डिझाइनं काढतो, बरीचशी शेतीत. आठवडाभर शाळा आणि रविवारी पाठीला बोर्ड. कोल्हापुरात हे काही नवलाचं नाही. पंचगंगेच्या घाटावर, रंकाळ्याच्या कडेला, पन्हाळ्याच्या तटाखाली रविवारी कुणी ना कुणी कागद ताणून बसलेला असतोच, आणि त्याच्या पाठीमागं “ते झाड हिकडं का घेतलंसा?” असं विचारणाराही असतोच. चंद्रकांत मांडरेंसारखा सिनेमाचा नायक ज्या गावात पावडर शेडिंग करत बसायचा, बाबूराव पेंटरांनी जिथं नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमा काढला, तिथं ड्रॉइंग मास्तरनं रविवारी चित्र काढलं तर त्यात कौतुक ते काय! मास्तरांनाही त्यात कौतुक वाटत नव्हतं. त्यांना वाटायची ती काळजी, बाराच्या आत काम संपवायची. नंतर ऊन डोक्यावर येतं आणि सावल्या चपट्या होतात.

ते गेल्यावर वर्षाच्या आत आम्ही मित्रांनी त्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ‘आम्ही’ म्हणजे फ्रेमवाला, शाहूपुरीतला एक गूळ अडत्या, एक वकील, एक छापखानेवाले आणि मी. कॅटलॉगाची प्रुफं माझ्याकडं आली. मास्तरांच्या कारकिर्दीची यादी पाऊण पानात संपत होती. एकल प्रदर्शनं: शाहू स्मारक, सांगली, पुण्याचं बालगंधर्व कलादालन, पुन्हा शाहू स्मारक, मुंबईला जहांगीर. समूह प्रदर्शनं थोडी जास्त. छापखानेवाल्यांनी विचारलं, खाली मोकळं दिसतंय, एखादं बारकं चित्र टाकू का? वकील म्हणाले, नको, त्यापेक्षा टाइप मोठा करा.

मोठ्या शहरातल्या माणसाला ही यादी किरकोळ वाटेल. पण लहान गावातल्या चित्रकाराचं एकल प्रदर्शन म्हणजे घरातलं कार्यच असतं. हॉल धरायचा, पत्रिका छापायच्या, त्या हातोहात वाटायच्या, उद्घाटनाला पाहुणा गाठायचा, त्याच्या शाल-श्रीफळाची सोय बघायची, टेम्पो ठरवायचा, आणि सगळं पार पडल्यावर खर्चाची वही उघडायची हिंमत होईपर्यंत चार दिवस जाऊ द्यायचे. जलरंगाच्या चित्राला तर काच लागते, माउंट लागतो. तीसेक चित्रांच्या फ्रेमा करायच्या म्हटल्या की मास्तरांच्या तेव्हाच्या पगारात ते बसतच नव्हतं. मग फ्रेमवाल्याकडं उधारी, नाहीतर जुन्या चित्राची फ्रेम काढून नव्याला. एकाच फ्रेमेतून किती चित्रं प्रदर्शन बघून आली, याचा हिशेब त्या फ्रेमवाल्याच्या डोक्यात आहे, आणि तो विचारल्याशिवाय सांगत नाही.

जहांगीरची तर गोष्टच वेगळी. १९५२ साली काळा घोड्याजवळ, म्युझियमच्या आवारात उभ्या राहिलेल्या त्या गॅलरीचा गावोगावच्या ड्रॉइंग मास्तरांच्या मनावर केवढा पगडा आहे, हे मुंबईकरांना ठाऊक असेल असं नाही. तिथं अर्ज करायचा, मग वर्षानुवर्षं पोस्टमनची वाट बघायची. अर्ज केला तेव्हा मास्तरांची मुलगी प्राथमिक शाळेत होती. पत्र आलं तेव्हा ती कॉलेजात. पत्रात तारीख असते, आठवडा असतो. मंगळवारी सुरू, सोमवारी संपणार. त्या सात दिवसांसाठी मास्तर शाळेत रजेचा अर्ज घेऊन गेले, तर कारणाच्या रकान्यात काय लिहावं हे त्यांना सुचेना. शेवटी ‘घरगुती’ असं लिहिलं म्हणे.

चित्रं मुंबईला गेली ती गुळाच्या गाडीतून. अडत्याची गाडी वाशीला निघाली होती, तिच्यात ढेपांच्या वर गोणपाट अंथरून क्रेट ठेवले आणि माणसं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेली. पुढं कित्येक महिने त्या फ्रेमांना गुळाचा वास येत होता, असं वहिनी सांगतात. त्यात अतिशयोक्ती असेल, पण उद्घाटनाच्या दिवशी दालनात मुंग्या निघाल्या होत्या हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मित्रांच्या बैठकीत मास्तरांचा विषय निघाला की जहांगीरची ही वारी निघतेच, आणि वारी निघाली की टिकलीची गोष्ट. झालं होतं असं, की बुधवार गेला, गुरुवार गेला, एकही चित्र हललं नाही. लोक येत होते, एसीत गार होत होते, अभिप्राय वहीत ‘अप्रतिम’ लिहून जात होते. त्या वहीत ‘अप्रतिम’ इतक्या वेळा आलं होतं की शुक्रवारी कुणीतरी ‘बरं आहे’ लिहिलं तर आम्हाला तो माणूस जाणकार वाटला. विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली लावायची पद्धत असते. अडत्या बाजारातला माणूस. त्याचं म्हणणं, पहिली बोली लागल्याशिवाय सौदा तापत नाही. त्यानं बायकोसाठी घेतलेल्या टिकल्यांच्या पाकिटातली एक काढली आणि मास्तर सामोवारमध्ये पुदिन्याचा चहा प्यायला गेलेले असताना गुऱ्हाळाच्या एका चित्राखाली लावून टाकली. मास्तर परत आले. टिकली बघून त्यांना वाटलं, गॅलरीच्या माणसानं कुणाचं तरी नाव घेतलं असेल. विचारायचा संकोच. अर्ध्या तासानं एक वयस्क पारशी बाई आल्या, सगळी चित्रं चष्मा वर-खाली करत बघितली, आणि नेमक्या त्याच चित्रापाशी थांबून म्हणाल्या, मला हे पाहिजे. मास्तर हात जोडून म्हणाले, माफ करा, ते गेलं. बाईंना दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. त्या मान हलवून निघून गेल्या.

सबंध आठवड्यातलं ते एकमेव गिऱ्हाईक. सोमवारी चित्रं उतरवताना खरं काय ते बाहेर आलं. मास्तर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “टिकली तरी बरी निवडायची, ही डिझाइनची आहे.” अडत्यानं ते चित्र ठरलेल्या किमतीला स्वतः घेतलं, घासाघीस न करता. त्याच्या धंद्यातली ती एकुलती एक घटना, असं वकील सांगतात. इथं सगळे हसतात, मीही हसतो. सामोवार २०१५ साली बंद झालं, तेव्हा अडत्या इतका हळहळला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा रोज तिथं जेवायला जात होता.

अशा गोष्टी आमच्याकडं ढिगानं आहेत. पन्हाळ्यावर माकडानं पॅलेट पळवलं ती. परीक्षकांना ‘तुमचं घड्याळ मागं आहे’ असं सांगितल्यामुळं बक्षीस हुकलं ती. सांगलीच्या प्रदर्शनात एका शेतकऱ्यानं चित्रातल्या बैलाची खोंडापासूनची हकीकत सांगितली ती. या गोष्टी सांगायच्या ओघात चित्र असतंच, पण पायरीसारखं. पाय ठेवून पुढं जायचं.

प्रदर्शनासाठी चित्रं गोळा करायला निघालो तेव्हा कळलं की मास्तरांच्या घरी फारशी नाहीतच. ते लग्नात पाकीट देत नसत, चित्र देत. वास्तुशांतीला चित्र, मुलगा बारावी पास झाला चित्र, मुतखडा पडला त्या डॉक्टरांना चित्र. मग आम्ही घरोघर फिरलो. एका बंगल्यात रंकाळ्याचं चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेलं. संध्याकाळच्या उन्हानं त्यातला तांबडा पार उडून गेला होता. कौलं, ढगांच्या कडा, बाईचं लुगडं, सगळं निळं-राखाडी. घरमालक अभिमानानं सांगत होते, “मास्तरांचा निळा बघा कसला हाय!” एका घरी चित्र विजेच्या मीटरवर झाकण म्हणून टांगलेलं. मीटर रीडिंगला माणूस आला की उचलायचं आणि परत सोडायचं, त्यामुळं फ्रेमेचा खालचा डावा कोपरा बोटांनी गुळगुळीत झालेला. वकिलांच्या चुलतभावानं मात्र द्यायला साफ नकार दिला. वास्तुवाल्यानं त्याला ईशान्येला पाण्याचं चित्र लावायला सांगितलं होतं आणि मास्तरांच्या पंचगंगेवर त्याचं घर तरलं होतं. पंधरा दिवस नदी हलवली तर काय होईल, याची हमी आम्ही कुणीच देऊ शकत नव्हतो.

अडत्याच्या दुकानातलं टिकलीवालं चित्र काट्याच्या वर, देवाच्या फोटोशेजारी होतं. रोजच्या उदबत्तीनं काच तपकिरी झालेली. फ्रेमवाल्यानं ओल्या कापसानं पुसली तेव्हा कापूस काळा झाला आणि आतून भलतंच उजळ चित्र निघालं. अडत्या बघतच राहिला. “ह्यात मागं डोंगर हाय व्हय?” तो म्हणाला.

या हिंडण्यातच एका दुपारी टाउन हॉलच्या बागेत शिरलो. मेजर मँटनं आराखडा काढलेली ती दगडी इमारत आता वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू, शस्त्रं, मूर्ती, आणि कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं. आबालाल रहिमान इथं आहेत. कोल्हापुरात आबालालांचं नाव काढा, रिक्षावालासुद्धा गोष्ट सांगेल: मुंबईला जे. जे.मध्ये शिकून हा माणूस गावी परतला, शाहू महाराजांच्या आश्रयानं कोटीतीर्थाच्या काठी राहिला, आणि १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यानं आपली चित्रं तळ्यात सोडून दिली. किती, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. शेकड्यांपासून हजारांपर्यंत मी ऐकलेली आहेत. ही गोष्ट इतकी चांगली आहे की तिच्यापुढं बुडालेली चित्रं जास्त दिसतात आणि समोर टांगलेली कमी. त्या दुपारी मी तिथं होतो तेवढ्यात तीन-चार कुटुंबं येऊन गेली. प्रत्येकात कुणीतरी मुलाला तळ्याची गोष्ट सांगितली. मूल तळं कुठं आहे म्हणून खिडकीकडं बघू लागलं. चित्र अर्ध्या हातावर होतं.

आबालालांना आम्ही कलातपस्वी म्हणतो, बाबूराव पेंटरांना कलामहर्षी, जी. कांबळेंना कलायोगी. कोल्हापुरानं आपल्या चित्रकारांना एवढ्या प्रेमानं आश्रमात नेऊन बसवलंय, की त्यांनी कागद कसा भिजवला, ब्रश कुठं सोडून दिला, हे विचारायचं कुणाला सुचू नये. तपस्व्याच्या पाया पडतात, त्याचा वॉश बघत नाहीत.

याच गावात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर दुसऱ्या वाटेनं गेले. १८९० मध्ये जे. जे.मध्ये दाखल झाले, तिथंच शिक्षक झाले, प्रदर्शनांत पदकं मिळवली, बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं, रावबहादूर झाले आणि १९३१ मध्ये जे. जे.तून निवृत्त झाले. तिथल्या दिवसांची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवली. त्याच १९३१ साली आबालाल कोल्हापुरात वारले. एकाची कारकीर्द छापील, तारीखवार. दुसऱ्याची तोंडातोंडी. धुरंधरांबद्दल मित्रांना सांगायला काही शिल्लकच राहिलं नसेल, असं कधी कधी वाटतं. आणि आबालालांबद्दल मित्रांनी, शिष्यांनी, त्यांच्या शिष्यांनी इतकं सांगितलं की तो माणूस कसा चालायचा हे मला डोळ्यांसमोर दिसतं, पण त्याच्या एखाद्या चित्रातला उजेड डावीकडून येतो की उजवीकडून, हे छातीठोक सांगता येणार नाही. मला यातली कुठली वाट बरी, ते ठरवता आलेलं नाही. चित्रकाराला बहुधा निवडायला मिळतही नसावं.

तर शाहू स्मारकात पाठी वाचून झाल्यावर आम्ही चित्रं लावायला घेतली. नेहमीची रीत म्हणजे मोठी चित्रं मधल्या भिंतीवर, लहान कडेला, रंगाला रंग बघून. फ्रेमवाल्यानं ऐकलं नाही. तो म्हणाला, सालवार लावूया. मास्तर सहीखाली साल टाकायचे, त्यामुळं ते शक्य होतं. आम्ही कुरकुर केली, कारण सालवार लावायचं तर मोठ्याशेजारी बारकं येणार, भिंत वेडीवाकडी दिसणार. पण शिडीवर तो उभा होता आणि हातोडी त्याच्याकडं होती.

रात्री साडेनऊच्या सुमाराला शेवटचं चित्र लागलं. मधले स्पॉट लावून आम्ही दाराशी येऊन उभे राहिलो. घाट, वाडे, जोतिबाची यात्रा, बाजार हे सगळं होतंच. पण त्या सगळ्यातून सालागणिक एखादं गुऱ्हाळ डोकावत होतं. मास्तर दर हंगामात, ऊस तुटायला लागला की, एक तरी गुऱ्हाळ करायचेच, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याबद्दल गोष्टीही होत्या, काकवी पिऊन पोट बिघडल्याच्या. ती सगळी गुऱ्हाळं एका भिंतीवर कधी कुणी पाहिली नव्हती. मास्तरांनीही नाही, कारण एक झालं की ते कुणाच्या तरी लग्नात जायचं.

सुरुवातीच्या गुऱ्हाळांत सगळं आहे. खदखदणारी काहिल, तिच्यावर वाकलेला गुळव्या, चुलवाणात चिपाड सारणारा पोरगा, वाळत घातलेल्या चिपाडाचे ढीग, बैलगाडी, कुत्रं. आणि धुरांड्यातून निघालेला धूर पोस्टर कलरच्या पांढऱ्यानं जाडसर चोपडलेला. इतका, की काचेतून त्याची पापडी सुटलेली दिसते. चार-पाच वर्षांनी पांढरा रंग गेलेला. तिथं आकाश ओलं असतानाच मास्तरांनी फडक्यानं रंग टिपून घेतलाय आणि धूर मऊ झालाय. अडत्याच्या दुकानातल्या चित्रात, ते टिकलीवालं, टिपणंही नाही. आकाशाचा निळसर वॉश धुरापाशी येऊन थांबतो. धूर म्हणजे नुसता कागद. रंगवलेला नाहीच, सोडलेला. त्या पारशी बाईंनी चष्मा वर-खाली करून काय बघितलं असेल, ते दाराशी उभ्या उभ्या मला थोडं कळल्यासारखं वाटलं.

तिथून पुढं चित्रातलं एकेक सामान कमी होत जातं. कुत्रं गेलं, बैलगाडी गेली, चिपाडाचे ढीग दोन फटकाऱ्यांवर आले. सोडलेला कागद पसरत चालला. धुराच्या कडा कुठं संपतात आणि आकाश कुठं सुरू होतं, ते बोट ठेवून दाखवता येईना. वकिलांचं म्हणणं पडलं, म्हातारपणी हात थरथरतो, बारकावे जमत नाहीत. फ्रेमवाला म्हणाला, हात थरथरणाऱ्याला असा वॉश थांबवता येत नाही, तुम्ही थांबवून बघा. अडत्याचं वेगळंच. त्याच्या मते गुऱ्हाळंच कमी झाली. ऊस कारखान्याकडं वळला, गुळव्ये मिळेनात, चालू गुऱ्हाळ बघायला मास्तरांना दर साली आणखी लांब जावं लागायचं, मग चित्रात तरी येणार कुठून? तिघांचं तीन तऱ्हांचं आणि तिन्हींत तथ्य. मास्तरांच्या कपाटात प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ होतं, पानापानाला पेन्सिलच्या खुणा केलेलं, म्हणून मी माझंही एक चौथं पुढं केलं असतं. पण पुस्तकं वाचून कुणी कागद सोडायला शिकतो, यावर माझा फारसा विश्वास नाही.

उद्घाटन झकास झालं. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, मनोगतं. मुलीच्या कॉलेजातले प्राध्यापक बोलले, मास्तरांचे जुने विद्यार्थी बोलले, माकडाची गोष्ट दोघांनी सांगितली. अडत्यानं टिकलीची गोष्ट सांगितली आणि सभागृह हसून लोटपोट झालं. बोलणाऱ्याचं तोंड लोकांकडं आणि पाठ चित्रांकडं, लोकांचं लक्ष बोलणाऱ्याकडं. मला ते खटकत होतं आणि बरंही वाटत होतं. वहिनी पहिल्या रांगेत डोळ्याला पदर लावून हसत होत्या. त्यांच्यासाठी मास्तर अजून जहांगीरच्या दारात हात जोडून उभे होते. त्यांना तिथून हलवून धुराच्या कडा दाखवायला कोण नेणार? एवढी घाई कुणाला होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, एक शाळकरी पोरगी वडिलांबरोबर आली आणि गुऱ्हाळांच्या भिंतीपाशी चालत गेली. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मग शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. वडील फोनवर होते. जाताना तिनं अभिप्राय वहीत काहीतरी लिहिलं. आम्ही धावत जाऊन बघितलं. ‘शेवटचं चित्र अर्धं का आहे?’

ते शेवटचं चित्र आम्हाला मास्तरांच्या बोर्डावरच सापडलं होतं, चारी बाजूंनी चिकटपट्टी तशीच. फ्रेमवाल्यानं पट्ट्या न काढता मढवलं. खाली उजवीकडं छपराचा एक उतार, धुरांडं, पाठमोरा माणूस. बाकी कागद. सही नाही, साल नाही. त्या पोरीच्या प्रश्नावर संध्याकाळी दालनाबाहेर चहा घेताना जुंपली. छापखानेवाले म्हणाले, अर्धंच आहे, सही नाही म्हणजे संपलेलं नाही, कॅटलॉगात तसं छापायला पाहिजे होतं. फ्रेमवाला म्हणाला, संपलंय, बोर्डाशेजारी ब्रश धुऊन, टोक काढून ठेवलेला होता, मी बघितलाय.

“ब्रश तर ते रोजच धुवायचे,” वहिनी म्हणाल्या.

अडत्यानं कप खाली ठेवला. “अवो, धुरांड्यातनं धूरच न्हाई त्या चित्रात. धूर न्हाई म्हंजे काहिल उतरलीया, गूळ वाफ्यात गेलाय. त्यात आनि काय काढायचं ऱ्हातंय?”

“किंवा चिपाड संपलं असंल,” वकील म्हणाले.

“चिपाड संपतंय व्हय कुठं? हंगामात?”

“मग हंगाम संपला असंल.”

“मास्तर हंगाम संपल्यावर गुऱ्हाळावर कशाला जातील?” फ्रेमवाला म्हणाला, आणि सगळे वहिनींकडं बघू लागले. वहिनींनी आठवून सांगितलं की त्या रविवारी ते बोर्ड घेऊन गेले होते खरे, पण कुठं गेले ते बोलले नव्हते आणि परत आले तेव्हा पायाला चिखल होता. कसला चिखल, काळा की तांबडा, यावर अडत्यानं त्यांना आणखी प्रश्न विचारायला सुरुवात केली.